बरेचसे दात गेले, उरलेले झिजले: सगळे काढावेत की वाचवावेत?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपल्या मातोश्रींचे वय ६२ आहे. वरच्या जबड्यात समोरचे सहा दात, उजवीकडची एक उपदाढ आणि डावीकडच्या शेवटच्या दाढेचे नुसते मूळ शिल्लक आहे. खाली समोरचे सहा दात, दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ आणि उजवीकडे मागे एक दाढ आहे. बाकीच्या दाढा गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक करून निघाल्या आणि त्यांच्या जागी काहीच बसवले गेले नाही. वरचे समोरचे दात झिजून बसके झाले आहेत, त्यांतला एक हिरडीलगत तुटला आहे आणि खालचे मधले दोन दात हलतात. मिश्रीची सवय तीस वर्षांची आहे, मधुमेह आहे आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ८.६ आहे. एका डॉक्टरांनी सगळे दात काढून वर-खाली इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, फिक्स दात सुचवले, दुसऱ्यांनी रूट कॅनल करून कॅप आणि ब्रिज, तर तिसऱ्यांनी सगळे काढून कवळी. शिवाय दीड महिन्यावर घरात लग्न आहे आणि तोपर्यंत काय होऊ शकेल, हेही आपण विचारले आहे.

कृत्रिम दात बसवण्याचेच काम मी गेली अनेक वर्षे करत आलो आहे, त्यामुळे तीन ठिकाणी तीन मते ऐकून गोंधळलेली माणसे मला नवी नाहीत. तिन्ही मतांना काही ना काही आधार आहे, परंतु आपल्या वर्णनावरून तरी तिन्हींमध्ये कळस आधी ठरला आहे आणि पाया नंतर पाहू असा प्रकार दिसतो. काय बसवायचे, हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी तोंडातला प्रत्येक दात स्वतंत्रपणे तपासून तो भार पेलण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवावे लागते. काढलेला दात परत बसवता येत नाही आणि त्याच्याबरोबर गेलेले हाडही सहजासहजी परत येत नाही. म्हणून हा हिशेब घाईने करू नये.

दात वाचवण्याजोगा आहे का, हे ठरवताना बहुतेक रुग्ण ठणक्याकडे आणि दिसण्याकडे पाहतात. या दोन्ही खुणा फसव्या आहेत. भयंकर ठणकणारी दाढ रूट कॅनलनंतर पुढे वीस वर्षे चालू शकते, आणि कधीच न दुखलेला, दिसायला पांढराशुभ्र दात हाड गेल्यामुळे दोन बोटांनी हलवता येईल इतका सुटलेला असू शकतो. मी प्रत्येक दाताच्या बाबतीत मुख्यतः दोन गोष्टी पाहतो. हिरडीच्या वर दाताचा निरोगी भाग किती उरला आहे, ही पहिली. मुळाभोवती हाड किती उरले आहे, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीसाठी बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण चांगले लागू पडते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवली की ती चाकाला चहूबाजूंनी आवळून धरते आणि चाक फाकत नाही. पण धावेला आवळायला मुळात लाकूड शिल्लक हवे. कॅपचेही तसेच आहे. कॅपच्या कडेने दाताचा किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी भाग सगळीकडून धरला, तर ती कॅप वर्षानुवर्षे टिकते. तेवढा भाग नसेल, तर कॅप कितीही महागड्या झिर्कोनियाची असली तरी ती निघते किंवा मुळासकट दात चिरते. मुळात घालायच्या खुंटीविषयी, म्हणजे ज्याला आम्ही पोस्ट म्हणतो तिच्याविषयी, असा समज आहे की तिच्यामुळे दात मजबूत होतो. तसे होत नाही. खुंटी फक्त वरच्या भरावाला धरून ठेवते. खुंटीसाठी मूळ जास्त कोरले, तर ते उलट कमकुवत होते.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांच्या समोरच्या दाताची कॅप खुंटीसकट तीनदा निघाली होती आणि तिन्ही वेळा ती नव्या सिमेंटने चिकटवून दिली गेली होती. हिरडीभोवती मोजपट्टीची बारीक सळई फिरवली, तेव्हा सगळीकडे ती दोन-तीन मिलिमीटरच आत जात होती, परंतु ओठाच्या बाजूला एकाच अरुंद जागी सरळ नऊ मिलिमीटर उतरली. मूळ उभे चिरल्याची ही खूण असते. चिरलेले मूळ जगातल्या कोणत्याही सिमेंटने जोडता येत नाही, म्हणून दात काढावा लागला. पहिल्यांदा कॅप निघाली तेव्हाच हिरडीची कड थोडी खाली घेऊन, किंवा मूळ तारेने हळूहळू वर ओढून कॅपला धरायला जागा करून दिली असती, तर तो दात बहुधा वाचला असता.

आता हे आपल्या आईंना लावून पाहू. आपण पाठवलेल्या ओपीजीच्या, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेच्या, छायाचित्रावर अंतिम निर्णय देता येणार नाही, त्यासाठी तोंड प्रत्यक्ष तपासावे लागेल. तरी काही गोष्टी स्पष्ट दिसतात. वरचे दोन्ही सुळे आणि खालचे दोन्ही सुळे चांगल्या हाडात घट्ट उभे आहेत. सुळ्याचे मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब असते, आणि जबड्याच्या वळणावर उभा असल्याने तो उरलेल्या दातांचा खरा आधारस्तंभ असतो. खालच्या उपदाढाही बऱ्या दिसतात. उलट खालच्या मधल्या दोन दातांची मुळे जेमतेम टोकाशी हाडात आहेत आणि वरच्या डावीकडच्या मुळाच्या टोकाशी काळसर पोकळी आहे, म्हणजे तिथे जुना पू असण्याची शक्यता आहे. हे तीन मात्र लवकर काढलेले बरे. दात वाचवण्याचा माझा आग्रह असला, तरी पू धरलेले मूळ ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ म्हणून ठेवणे मला मान्य नाही, कारण ते शेजारचे हाडही खाते आणि साखर आटोक्यात येण्याच्या आड येते.

समोरचे दात एवढे का झिजले, याचा विचार तिघांपैकी कोणीच सांगितलेला दिसत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण उपचाराची किल्ली तिथे आहे. दाढा चावण्यासाठी असतात आणि समोरचे दात तोडण्यासाठी. दाढा गेल्या की भाकरी, शेंगदाणे, सुपारी असे सगळे समोरच्या पातळ दातांवर चावले जाते. त्यातच मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची खरखरीत पूड; ती रोज बोटाने घासल्याने दातांचे पृष्ठभाग झिजतात आणि हिरड्या मुळांवरून खाली सरकतात. दात झिजले की नाक आणि हनुवटी यांच्यातले अंतर कमी होते, ओठांचे कोपरे दुमडतात आणि त्यांत लाळ साचून चिरा पडतात. आपण ‘आईचा चेहरा लहान दिसू लागला’ असे लिहिले आहे, ते याचमुळे. अशा तोंडात मागे कोणताच आधार न उभारता फक्त समोरच्या दातांना सुंदर कॅपा बसवल्या, तर दाढांचा सगळा भार त्या कॅपांवर येतो, आणि त्या वर्षा-दोन वर्षांत फुटतात किंवा निघतात. आधी मागचा आधार, मग समोरचे सौंदर्य, हा क्रम बदलता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या कॅप-ब्रिजच्या योजनेची अडचण इथेच येते. रूट कॅनल आणि कॅप यांविषयी त्यांचे म्हणणे योग्य आहे. रूट कॅनल केलेल्या दाढेला कॅप घातली नाही, तर तिच्या गमावण्याचे प्रमाण कॅप घातलेल्या दाढेच्या तुलनेत सुमारे सहापट आढळले आहे. परंतु ब्रिज म्हणजे पूल, आणि पुलाला दोन्ही काठांवर खांब लागतात. आपल्या आईंच्या वरच्या जबड्यात उजवीकडे उपदाढेच्या मागे खांबच नाही, आणि डावीकडचा मागचा खांब म्हणजे ते पू धरलेले मूळ. एका बाजूला खांब नसताना पुढच्या दातांना धरून मागे अधांतरी दोन-तीन दात लटकवले, तर चावताना ते पहारीसारखे काम करतात आणि धरणारा दातच उपटून काढतात. खाली उजवीकडे शेवटची दाढ आणि उपदाढ यांच्यामध्ये पूल बांधता येईल, पण मधली जागा किती लांब आहे आणि ती दाढ किती पुढे कलली आहे, हे मोजल्याशिवाय मी होकार देणार नाही. जितकी जागा लांब, तितका पूल वाकतो. लांबी दुप्पट झाली तर वाकणे दुप्पट नव्हे, आठपट होते.

आता इम्प्लांटविषयी, कारण आज सर्वांत जास्त जाहिरात त्याची आहे आणि गैरसमजही त्याविषयीच जास्त आहेत. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधल्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५० च्या दशकात आले. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी नळी प्रयोगानंतर त्यांना काढता येईना. १९६५ मध्ये गोथेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे टिकले. योग्य रुग्ण, पुरेसे हाड आणि नियमित देखभाल असेल, तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. हा उपचार खरोखर उत्तम आहे, आणि मी स्वतः तो नेहमी करतो.

मात्र इम्प्लांट म्हणजे नवा दात नव्हे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. तिच्यामुळे दात दाबला की किंचित खाली जातो आणि घासात बारीक खडा आला तरी मेंदूला कळते. इम्प्लांटला ही गादी नाही. त्याला कीड लागत नाही हे खरे, परंतु त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजण्याचा रोग होतो, आणि ज्यांचे मूळचे दात हिरडीच्या रोगाने गेले त्यांना तो धोका अधिक असतो. तंबाखू आणि अनियंत्रित साखर या दोन्हींमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. माझ्या दवाखान्यात एचबीए१सी ८ च्या वर असताना मी इम्प्लांटची शस्त्रक्रिया करत नाही. ते ७ च्या आसपास आणून, तिथे स्थिर ठेवून मगच पुढे जातो. आणखी एक गोष्ट आपण कळवलेली नाही, ती विचारून घ्या: आईंना हाडे ठिसूळ होतात म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन सुरू आहे का? त्यांतल्या काही औषधांमुळे दात काढल्यानंतर किंवा इम्प्लांट बसवल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर तीही सांगा; पण दात काढायचा म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

सगळे दात काढून चार किंवा सहा इम्प्लांटवर अख्खी दंतपंक्ती उभारण्याची पद्धत पोर्तुगालमधल्या पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकापासून रूढ केली. ज्यांचे दात आधीच गेले आहेत किंवा उरलेले सगळेच निकामी आहेत, त्यांच्यासाठी ती फार उपयोगी आहे. परंतु त्या दातांच्या पट्टीला जागा करण्यासाठी पुष्कळदा जबड्याचे निरोगी हाडही तासून सपाट करावे लागते. चार घट्ट सुळे आणि चांगल्या उपदाढा असलेल्या बाईंचे हे सगळे काढून, वर हाड तासून, अनियंत्रित मधुमेह आणि चालू मिश्री असताना तिथे इम्प्लांट बसवणे मला पटत नाही. दहा-बारा वर्षे दाढा नसल्याने वरच्या मागच्या भागात हाडाच्या वरची पोकळी खाली उतरलेली असते आणि खाली ओठाला संवेदना देणारी नस हाडाच्या काठाजवळ आलेली असते. तिथे किती मिलिमीटर हाड उरले आहे, हे ओपीजीवरून नव्हे तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवरूनच कळते. नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर सोडावेच लागते. ते न मोजता कोणी खाली मागे इम्प्लांट सुचवत असेल, तर तिथून उठावे.

इम्प्लांट पुढे कधी केलेच, तर दोन गोष्टी मागून घ्या. अंदाजपत्रकात इम्प्लांटचा स्क्रू, त्यावरचा जोड, कॅप, हाड भरणे आणि स्कॅन यांचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असावा, कारण जाहिरातीतली रक्कम बऱ्याचदा फक्त स्क्रूची असते. आणि कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी व लॉट क्रमांक असलेले स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे. दहा वर्षांनी जोडाचा स्क्रू ढिला झाला, की तो आवळायला त्या कंपनीचाच पेचकस लागतो. पुण्यात बसवलेले इम्प्लांट घेऊन अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या एका काकूंची तिथे केवळ कंपनी कळत नाही म्हणून चार महिने गैरसोय झाली होती.

याच ओघात एका प्रकाराविषयी सावध करतो, कारण लग्नसराईत तो फोफावतो. ‘एका बैठकीत फिक्स दात’ म्हणून काही ठिकाणी तोंडातच लालसर प्लास्टिकचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा गोळा कालवून तो शेजारच्या दातांना, कधी तारेने, चिकटवून देतात. मागच्या वर्षी असा एक गोळा मी कापून काढला. त्याच्याखाली अडकलेल्या अन्नाचा काळा थर होता, वास इतका की सहायक मुलगी खिडकी उघडायला धावली, आणि ज्या तीन दातांना तो चिकटवला होता ते तिन्ही किडून मऊ झाले होते. एक दात बसवायच्या नादात तीन गेले. जे साफ करता येत नाही, ते ‘फिक्स’ असून उपयोगाचे नाही.

कवळीविषयी तिसऱ्या डॉक्टरांनी जे सुचवले, ते हिणवण्यासारखे नाही. वरची पूर्ण कवळी टाळूवर चिकटून बसते आणि बहुतेकांना ती मानवते. अडचण खालच्या कवळीची आहे. तिला टेकायला घोड्याच्या नालेसारखी अरुंद कड असते, मध्ये जीभ सतत हलत असते, आणि ती कड वर्षागणिक झिजत जाते. ताल्ग्रेन या संशोधकांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांत पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. पूर्ण कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून खालचे दोन सुळे मी शक्यतो कोणालाही काढू देत नाही. वरचा भाग टिकण्यासारखा नसला, तरी रूट कॅनल करून, हिरडीपाशी गोल करून मुळे ठेवता येतात आणि त्यांवर कवळी बसवता येते. १९७८ मधल्या एका अभ्यासात पाच वर्षांत अशा मुळांवरच्या कवळीखाली जबड्याच्या पुढच्या भागाची उंची सरासरी ०.६ मिलिमीटरने कमी झाली, तर सगळे दात काढलेल्यांत ती ५.२ मिलिमीटरने कमी झाली. मुळे नसतीलच, तर खाली दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी हा चांगला मार्ग आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी तोच किमान अपेक्षित उपचार मानावा असे म्हटले. आपल्या आईंना सध्या यातल्या कशाचीच गरज नाही, पण पंधरा वर्षांनंतरचा रस्ता आजच बंद होऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

मग मी काय करीन? दाताच्या कामाआधी पहिले दोन-अडीच महिने पाया घालण्यात जातील. साखरेसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचे, हिरड्यांखालची खोल सफाई करायची, ते तीन निकामी दात काढायचे, आणि मिश्री सोडवायची. शेवटचे सर्वांत कठीण आहे. मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, अशी अनेक बायकांची खरीखुरी तक्रार असते. तिला हसू नये, त्यावर वेगळा उपाय करावा आणि निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगमची मदत घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. याच काळात ओठाच्या आतली आणि गालाची त्वचा नीट पाहिली पाहिजे. मिश्री ठेवण्याच्या जागी पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर आधी त्याचा तुकडा तपासायला जाईल. दातांचे सगळे काम तोपर्यंत थांबेल.

त्यानंतर वरच्या समोरच्या दातांना थेट कायमच्या कॅपा न घालता प्लास्टिकच्या तात्पुरत्या कॅपा आणि मागे तात्पुरती अ‍ॅक्रिलिकची कवळी देऊन चेहऱ्याची गेलेली उंची थोडी परत आणीन आणि ती सहा ते आठ आठवडे वापरायला सांगेन. उंची किती वाढवायची, याचे अचूक यंत्र नाही. स्वस्थ बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत साधारण दोन ते चार मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर जबड्याचे स्नायू दुखतात. मी रुग्णाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. एकसष्ट, बासष्ट, सदुसष्ट म्हणताना दात एकमेकांवर खटकले, तर उंची जास्त झाली. ‘स’मधून शिट्टी वाजली, तर समोरच्या दातांचा कोन चुकला. ‘व’ आणि ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओलसर रेघेला अलगद टेकली पाहिजे. मग ‘चमचा’ आणि ‘चाक’ म्हणायला सांगतो, कारण मराठीतला हा दंत्य ‘च’ दाताच्या मागच्या बाजूची जाडी लगेच उघडी पाडतो. हे सगळे प्लास्टिकवर तासून दुरुस्त करता येते. पक्क्या कॅपा बसल्यावर येत नाही.

उंची अंगवळणी पडली की मग समोर कायमच्या कॅपा होतील. हिरडीलगत तुटलेल्या दाताला कॅपने धरण्याजोगी दीड-दोन मिलिमीटरची कड मिळाली तर तो राहील, नाही तर तोही जाईल. खालच्या मधल्या दोन दातांची जागा शेजारच्या दातांना धरून छोट्या ब्रिजने भरता येईल, किंवा मागच्या कवळीतच ते दोन दात घेता येतील. आणि मागे, वर-खाली, कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या ओतीव सांगाड्याची अर्धी कवळी. हा मार्ग तिघांपैकी कोणीच सुचवलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. कदाचित त्यात जाहिरातीसारखे काही नाही म्हणून असेल. या सांगाड्याला दातांच्या माथ्यावर कोरलेल्या छोट्या खाचांत टेकणारे आधार असतात, त्यामुळे चावण्याचा बराचसा भार दातांवर जातो आणि कवळी हिरडीत रुतत नाही. बाजारात मिळणारी नुसत्या अ‍ॅक्रिलिकची अर्धी कवळी हिरडीवरच तरंगते आणि वर्षा-दोन वर्षांत खाली बसत दातांच्या मुळांवरून हिरडी खरवडते. ती तात्पुरतीच असावी.

सगळ्या अठ्ठावीस जागा भरण्याचा आग्रह नको. नेदरलँडमधल्या नायमेगनचे केइझर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की समोरचे दात आणि उपदाढा मिळून वीसेक दात समोरासमोर असले, तर बहुतेकांचे चावणे, बोलणे आणि दिसणे व्यवस्थित चालते. जपानमध्ये १९८९ पासून ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी राष्ट्रीय मोहीमच आहे. म्हणून मी पहिल्या दाढेपर्यंतच दात देईन. वर्षभर साखर स्थिर राहिली आणि मिश्री खरोखर सुटली, तर खालच्या बाजूला एक-दोन इम्प्लांट बसवून कवळीचा आकार आणखी लहान करता येईल. तेव्हा तो निर्णय पुन्हा घेऊ.

खर्च गावागणिक आणि दवाखान्यागणिक इतका बदलतो की इथे आकडे देणे योग्य नाही. पण चढता क्रम सहसा अ‍ॅक्रिलिकची कवळी, ओतीव कवळी, कॅप-ब्रिज आणि इम्प्लांट असा राहतो. परवडण्याचा प्रश्न असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतविभाग आहेत. फेऱ्या जास्त होतात, पण वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या तिथे शिकवण्यासाठी म्हणून काटेकोरपणे पाळल्या जातात.

आता लग्नाचे. दीड महिन्यात यातले कायमचे काहीच होणार नाही आणि कोणी होईल म्हणाले, तर मानू नका. तात्पुरती अ‍ॅक्रिलिकची कवळी मात्र नक्की होईल. खालचे ते दोन दात ज्या दिवशी काढायचे, त्याच दिवशी बसवण्यासाठी ती आधीच माप घेऊन तयार ठेवता येते, म्हणजे लग्नघरी जागा रिकामी दिसणार नाही. घाव भरताना हिरडी आक्रसते, त्यामुळे ती कवळी महिन्या-दोन महिन्यांत सैल होईल; तेव्हा आतून पुन्हा भरून घ्यायची. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नव्हे, आणि टूथपेस्टऐवजी साबण व मऊ ब्रशने धुवायची. एक आजी आपली कवळी फक्त लग्नकार्यात घालण्यासाठी रुमालात बांधून कपाटात ठेवत असत. सुकून वाकडी झालेली ती कवळी शेवटी कोणत्याच लग्नात तोंडात बसेना. पहिले आठ दिवस भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी एकदम चावावी आणि समोरच्या दातांनी काहीही तोडू नये. नवी कवळी कुठे ना कुठे टोचतेच, आणि टोचलेली जागा दिसल्याशिवाय मला ती तासता येत नाही. म्हणून आईंना कवळी लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी बसवून घ्या, ती घालून जेवू द्या, आणि पुन्हा दाखवायला येताना सकाळपासून कवळी तोंडातच ठेवून या.